गुडघ्याचा हमीभाव

शिवकांताबाई बिरादार यांचे दोन्ही गुडघे एकाच वर्षी गेले आणि त्याला कारण उदगीरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक जिना होता. खाली गुरुलिंगआप्पांचं आडत दुकान, वर घर आणि मध्ये एकोणीस दगडी पायऱ्या. तीस वर्षं चहा, जेवण, पाहुणे, वसुलीला आलेले आणि वसुली चुकवायला आलेले अशा सगळ्यांसाठी वरखाली करून बाईंच्या गुडघ्यांनी शेवटी हात टेकले. गेल्या दोन वर्षांत त्या चारदा खाली उतरल्या होत्या, त्यातल्या दोनदा दवाखान्यात जायला. एरवी त्या वरच्या खिडकीत बसून मोंढा बघायच्या आणि खाली कुणाची गाडी लागली, कुणाचं पोतं फुटलं हे आप्पांच्या आधी त्यांना कळायचं.

लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि दोन्ही गुडघे बदलावे लागतील असं सांगितलं. एका गुडघ्याचा खर्च सगळा मिळून साडेतीन लाख. आप्पांच्या नावावर बँकेत बरोबर साडेतीन लाखांची ठेव होती. आप्पांना वाटलं, चला, जमलं. पण शिवकांताबाईंनी मान हलवली.

"करायचे तर दोन्ही. न्हाईतर राहू द्या."

"अगं, एक तरी करून घे. दुसऱ्याचं पुढं बघू."

"एक नवा आन् एक जुना? बैल बी जोडीचे बघून घेता तुमी. गुडघेच बेजोड कामून?"

आप्पांनी दोन वर्षं विनवलं, मुलीकडून सांगून पाहिलं, एकदा रागावूनही पाहिलं. बाई हलल्या नाहीत, आणि गुडघ्यांमुळे नव्हे. त्यांचं म्हणणं असं की, एक झाला की दुसरा कायमचा राहून जाईल. आपल्या घरात राहून गेलेल्या कामांची यादी त्यांना पाठ होती. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की साडेतीनाचे सात कसे करायचे.

हे उत्तर घेऊन रविकिरण आला. रविकिरण आप्पांच्या बहिणीचा मुलगा. लातूरला औषध कंपनीत एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसायचं आणि बोलावलं की दोन मिनिटांत आठ औषधांची नावं सांगायची. महिन्यातून दोनदा तो उदगीरला येतो आणि मामाकडे जेवतो. त्यानं जेवता जेवता फोन काढून शेअर दाखवले.

"मामा, दवाखान्याच्या, औषधाच्या कंपन्यात लोक पैसे टाकून राहिलेत. सोनं घ्यायचं लोक थांबवतील, आजारी पडायचं थांबवत न्हाईत."

हे वाक्य आप्पांच्या मनात रुतलं. एकतीस वर्षं ते तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या धंद्यात होते, आणि या तिन्हींना पाऊस लागतो. आजारपणाला पाऊस झाला तरी चालतं आणि नाही झाला तरी चालतं.

शेअरचं खातं उघडायला मात्र तीन दिवस लागले. कागद सगळे होते. अडचण आप्पांच्या कपाळाची झाली. फोनच्या कॅमेऱ्यासमोर तोंड धरायचं होतं आणि फोन ते तोंड आधार कार्डाच्या फोटोशी ताडून बघणार होता. फोननं चार वेळा सांगितलं की, हा चेहरा जुळत नाही. झालं होतं असं की, आधार काढायच्या दिवशी केंद्रावर पहाटेपासून रांग होती आणि आप्पा बिनआंघोळीचेच जाऊन उभे राहिले होते. त्या फोटोत कपाळ कोरं होतं. आता कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे होते.

"मामा, दोन मिनिटं पुसा विभूती," रविकिरण म्हणाला.

"बँकेनं कधी पुसाय सांगितली न्हाई. इन्कम टॅक्सवाल्यानं सांगितली न्हाई. ह्यो फोन कोन लागून गेला?"

दोन दिवस फोन आणि आप्पा एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी तोडगा शिवकांताबाईंनी काढला. "उद्या अंघोळीच्या आधी दाखवा तोंड. देवाला पारोसं तोंड चालत न्हाई, फोनला काय करायचंय." त्याप्रमाणे पहाटे आप्पांनी पारोसं तोंड दाखवलं, फोन प्रसन्न झाला आणि शेअर दलालाच्या दप्तरी गुरुलिंगआप्पा बिरादार, वय एकसष्ट, कायमचे बिनआंघोळीचे नोंदले गेले. हे शल्य त्यांना अजून आहे.

जाताना रविकिरणनं बजावलं. "मामा, एकदम टाकू नका. मोठी जुनी कंपनी बघून महिन्याला थोडे थोडे टाका. आन् सरकारचं आरोग्याचं काही धोरण आलं, काही बातमी आली, तर आधी मला विचारा. ह्या धंद्यात सरकार कुठल्या बाजूनं येईल सांगता येत न्हाई."

यातला शेवटचा भाग आप्पांना लागला. सरकार कुठून येतं हे ज्यानं एकतीस वर्षं मोंढ्यात बसून पाहिलं, निर्यातबंदी पाहिली, खरेदी केंद्रं उघडताना आणि त्याहून जास्त वेळा बंद होताना पाहिली, त्या माणसाला हा कालचा पोरगा सांगणार, आधी मला विचारा. ज्याला आपण शेंबूड पुसून शाळेत सोडला त्याला बाजार विचारायचा म्हणजे काय. आप्पांनी ठरवलं की विचारायचं नाही.

आणि पंधरा दिवसांत बातमी आली. दुकानातल्या टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती: कृत्रिम गुडघ्यांचे दर सरकार निश्चित करणार, विचार सुरू. आप्पांनी पट्टी तीनदा वाचली आणि शेजारच्या दुकानातून वैजनाथरावांना बोलावलं. वैजनाथराव हेही आडत्ये आणि आप्पांचे पंचवीस वर्षांचे सल्लागार. त्यांच्या सल्ल्यानं आप्पांनी आजवर एक जीप, एक विहीर आणि एक जावई असे तीन मोठे निर्णय घेतले होते. त्यातला जावई चांगला निघाला होता.

"वैजनाथराव, सरकार तुरीचा भाव ठरवतंय तवा त्याला काय म्हणायचं?"

"हमीभाव म्हणायचं."

"आन् हमीभाव ठरला की?"

"त्याच्या खाली जायचं न्हाई. निदान कागदावर तरी न्हाई."

"मंग आता सरकार गुडघ्याचा भाव ठरवून राहिलंय."

असा विचार डोक्यात येतो तेव्हा माणसानं काही न बोललेलंच बरं असतं. पण वैजनाथरावांनी तो विचार पुढं नेला, कारण दुसऱ्याचा विचार पुढं नेण्यात त्यांचा हातखंडा होता.

"आप्पा, म्हणजे खरेदी केंद्रं निघतील. जिल्ह्याला एक तरी."

"निघतीलच की."

"नोंदणी सुरू होईल. मंग आठ दिवसात पोत्यांचा बारदाना संपला म्हणून बंद पडंल."

"गुडघ्याला बारदाना लागत न्हाई, वैजनाथराव."

वैजनाथरावांनी कपाळाला हात लावला. "हाव की. मंग तर खरेदी थांबायचं कारणच न्हाई राहिलं."

आता कुणी म्हणेल, एवढी साधी गोष्ट या दोन जाणत्या माणसांना कळू नये का. पण मोंढ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला सरकार भाव ठरवतं याचा अर्थ एकच माहीत असतो. तो अर्थ बरोबर असल्याचं त्याला एकतीस वर्षं दर हंगामात सांगितलं गेलेलं असतं. तिथं तो चुकला तर त्याला मूर्ख म्हणू नये. फार तर त्याच्या भाच्यानं तसं म्हणावं.

आता कोणाचे गुडघे घ्यायचे हा प्रश्न होता. मोंढ्याचा कायदा असा की, नमुना हातात घेतल्याशिवाय बोली लावायची नाही. म्हणून आप्पा शिवकांताबाईंचा एक्स-रे काखोटीला मारून लातूरला गेले. डॉक्टरांच्या टेबलावर लोखंडी चकाकीचा एक गुडघा पेशंटना समजावून सांगायला ठेवलेला असतो. डॉक्टर एक्स-रे पाहत होते तेवढ्यात आप्पांनी तो उचलला, तळहातावर तोलला, अंगठ्यानं चोळला, सांध्यातून वाकवून पाहिला आणि सवयीनं वास घेतला.

"काका, काय बघताय?"

"माल. कोन्या कंपनीचा म्हणायचा?"

"अस्थिबल. आपल्याच देशातली कंपनी आहे. बाहेरचे महाग पडतात."

"खपतो का?"

"मागच्या महिन्यात बावीस बसवले."

"परत किती आले?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. वीस वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "काका, हा एकदा बसवला की परत येत नाही. तुम्हाला बसवून घ्यायचाय की विकायचाय?"

आप्पांनी गुडघा जपून टेबलावर ठेवला. ते भारावून गेले होते. ओला निघाला म्हणून, खडे निघाले म्हणून, कधी नुसतंच मन फिरलं म्हणून त्यांचा माल आयुष्यभर परत येत आला होता. परत न येणारा माल जगात असतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेव मोडली. बँकेतल्या बाईंनी कारण विचारलं, तर आप्पांनी गुडघ्यासाठी असं सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. शिवकांताबाईंना मात्र सांगितलं नाही. त्यांच्यापुढे एकदम सात लाख ठेवायचे आणि म्हणायचं, चल, दोन्ही. हा प्रसंग आप्पांनी मनातल्या मनात इतक्या वेळा पाहिला होता की, त्यात बाई काय बोलणार तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग सोमवारचा चांगला मुहूर्त पाहून, आंघोळ करून, विभूती लावून, त्यांनी साडेतीन लाखांचे अस्थिबल घेतले. वैजनाथरावांनी वीस हजारांचे घेतले. त्यांचे गुडघे अजून बरे होते.

चार दिवस शेअर चढला. का चढला हे अस्थिबल कंपनीलाही माहीत नसेल, पण आप्पांना माहीत होतं. मोंढ्यातली माणसं सौदे सोडून त्यांच्या गादीजवळ टेकू लागली. आप्पा देशाच्या आरोग्य धोरणावर बोलत. देशातली माणसं म्हातारी होत चालली आहेत हे ते अशा समाधानानं सांगत की ऐकणाराला जरा वाईट वाटे.

"आप्पा, दाताचं काय?" कुणीतरी विचारलं.

"दाताकडं सरकारचं ध्यान न्हाई अजून. थांबा."

"चष्म्याचं?"

"डोळ्याचं धोरण येऊ द्या आधी. घाई करू नये."

पाचव्या दिवशी, श्रावणातल्या एका शुक्रवारी, धोरण आलं. सकाळी आप्पांनी फोन उघडला तर आकडा तांबडा. त्यांना वाटलं, फोन बिघडला. त्यांनी तो बंद करून सुरू केला तर आकडा आणखी तांबडा. टीव्हीवर पट्टी धावत होती: गुडघ्यांचे दर सरकारनं ठरवले. म्हणजे झालं होतं ते आप्पांनी सांगितलेलंच. मग हे असं का, ते त्यांना उमगेना.

तेवढ्यात जिन्यावरून दगडोबा उतरले. दगडोबा दुकानातले जुने मापाडी, आप्पांहून चार वर्षांनी मोठे. त्यांच्या हातात पेढ्यांचं ताट होतं.

"वैनीनं वरून धाडलेत. समद्या मोंढ्याला वाटाया सांगितलेत. गुडघे निम्म्याहून खाली आलेत म्हणं."

पाठोपाठ वरच्या खिडकीतून आवाज आला. दोन वर्षांत इतका मोकळा आवाज त्या खिडकीतून आला नव्हता. "ऐकलंत का हो? सरकारनं गुडघे स्वस्त केले. तुमच्या त्या ठेवीतच दोन्ही होतील आता. आजच लातूरला फोन लावा."

मोंढ्यातल्या माणसांनी वर पाहून हात जोडले, आप्पांचं अभिनंदन केलं आणि पेढे उचलले. आप्पांनीही एक खाल्ला. वैजनाथराव आपला पेढा हातात धरून फोनकडे बघत उभे होते, मग त्यांनीही खाल्ला. एकाच बातमीचे वर पेढे आणि खाली सुतक, असा प्रसंग बिरादारांच्या घराण्यात पहिल्यांदाच आला होता.

दुपारी रविकिरणचा फोन आला.

"मामा, तुमी अस्थिबल तर घेतला न्हाई ना?"

"घेतला."

"किती?"

"समदा."

पलीकडून नुसतं 'मामा, मामा' ऐकू आलं. "पन सरकारनं भाव ठरवला ना?" आप्पांनी विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते भाच्याला बाजार विचारत होते.

"मामा, हमीभाव म्हणजे याच्या खाली घेऊ नका. ह्यो उलटाय. याच्या वर विकू नका. औषधाचा, गुडघ्याचा भाव सरकार ठरवतंय तो पेशंटसाठी. कंपनीसाठी न्हाई."

"मंग कंपनीची बाजू कोन घेतंय?"

"तुमी घेतली की. साडेतीन लाखाची."

आप्पा म्हणाले, "बरं, विकून टाक आत्ताच्या आत्ता."

"आज विकत न्हाई. दिवसाला शेअर किती पडावा याची मर्यादा असते. तिथं टेकलाय. घेणाराच न्हाई."

"घेणारा न्हाई असं कसं? भाव पाडून दे."

"त्याच्या खाली पाडता येत न्हाई, मामा."

"मंग ह्योच हमीभाव हाय की."

रविकिरणनं फोन ठेवला. बाजाराचे पुढचे तीन दिवस तसंच झालं, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी घेणारा निघाला. तो कोण पुण्यवान हे आप्पांना कधी कळलं नाही. साडेतीनाचे पावणेदोन हातात आले.

खरी अवघड गोष्ट इथून पुढं होती. जी बाई दोन वर्षं नको म्हणत होती ती आता रोज विचारू लागली, आणि जो माणूस दोन वर्षं मागे लागला होता तो टाळू लागला. आप्पा म्हणाले, श्रावण संपू दे. श्रावण संपला. ते म्हणाले, महालक्ष्म्या होऊ देत. बाईंनी खुर्चीत बसून महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक सुनेच्या वयाच्या शेजारणींकडून करवून घेतला, महालक्ष्म्या जेवल्या आणि गेल्या. आप्पा म्हणाले, आता सोयाबीन येईल, हंगाम होऊ दे. त्यांचं जेवण अर्धी भाकरी झालं होतं. ते वर आले की डोळे चुकवत, आणि शिवकांताबाईंच्या डोळ्यांतून काही चुकवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

एका दुपारी बाईंनी ताट वाढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पैशाचं वाटत असंल तर तसं सांगा. म्हातारीवर एवढे कशाला घालवायचे, असं वाटणं काही गुन्हा न्हाई. पन रोज नवी तिथी सांगू नका."

आप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. शेअर पडला तेव्हा त्यांचा मान गेला होता, पण हे त्याहून खोल गेलं. आपण पैसे बुडवले हे त्यांना सोसत होतं; ही असं समजते हे सोसेना.

"ती ठेव न्हाई आता," ते म्हणाले.

"कुठं गेली?"

"गुडघ्यात."

"कोनाच्या?"

"कंपनीच्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फोन, वैजनाथराव, हमीभाव, डॉक्टरांच्या टेबलावरचा नमुना, शुक्रवारचा पेढा. "सात करून तुझ्यापुढं ठेवणार होतो. दोन्ही एकदम."

शिवकांताबाईंनी भाकरीची टोपली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "म्हणून जेवन कमी झालं व्हय. मला वाटलं माझ्या हाताची चव गेली." त्यांनी आप्पांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी घातली. "मला गुडघे पाहिजे होते. तुमी आहेर करून राहिले होतात. किती उरलेत?"

"पावणेदोन."

"एक होतो का त्यात?"

"तू तर दोन्हीशिवाय न्हाई म्हणली होतीस."

"तवा तुमच्याकडं पैसे होते. जेवा."

लातूरच्या दवाखान्यात आप्पा नवा हिशेब विचारायला गेले. काउंटरवरच्या माणसानं यादी पुढं केली. गुडघा निम्म्याहून खाली आला होता, यात शंका नाही. पण ऑपरेशनच्या खोलीचं भाडं वाढलं होतं, नर्सिंग वाढलं होतं आणि 'इतर' नावाची एक नवीन ओळ आली होती. बेरीज पुन्हा साडेतीनाच्या घरातच. आप्पांना राग आला आणि त्याच वेळी धंद्यातला माणूस ओळखल्याचा आनंदही झाला. सरकारनं दलालाची आडत कमी केली की हमाली वाढवायची, ही कला त्यांना नवी नव्हती. फक्त ती पहिल्यांदाच समोरच्या बाजूनं पाहायची वेळ आली होती. त्यांनी यादी घडी करून खिशात घातली आणि बाहेर येऊन मुलीला फोन केला.

मंजुश्री नांदेडला असते, शाळेत गणित शिकवते. तिनं आई-वडिलांना काहीही विचारलं नाही, दोन दिवस रजा टाकली आणि नांदेडचे पाच दवाखाने पायी फिरली. पाचव्या ठिकाणी दर भिंतीवर लावलेले होते आणि त्यात 'इतर' ही ओळ नव्हती. सगळं मिळून एक लाख पासष्ट हजार.

"आप्पा, आईला घेऊन या," ती म्हणाली. "आन् येताना फोन रविकिरणदादाकडे देऊन या."

दोघं एसटीनं निघाले. नायगावला गाडी थांबली तेव्हा आप्पांनी खिडकीतून चहा आत दिला आणि दोन वर्षांनी जिल्ह्याबाहेर पडलेल्या शिवकांताबाई रस्त्यावरचं एकेक दुकान वाचत राहिल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, दोन्ही सारखेच झिजलेत, एकच करायचा तर कुठला ते तुम्हीच सांगा.

आप्पा म्हणाले, "उजवा करा. शुभ असतो."

"डावा करा," शिवकांताबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "उजव्या अंगाला हे हायत माझ्या."

हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की, डॉक्टरांनी कागदावर 'डावा' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आप्पा मात्र उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि पाण्याच्या टाकीजवळ जरा उभे राहिले. मंजुश्रीनं विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काही न्हाई, चूळ भरून राहिलो.

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर नांदेडला लेकीकडे राहून बाई घरी आल्या, तेव्हा मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली होती. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं सांगितलं होतं, रोज एकदा जिना उतरायचा, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरायचं, घाई करायची नाही. वेळ शिवकांताबाईंनी ठरवली. रोज सकाळी सव्वानऊ. शेअर बाजारही बरोबर सव्वानऊला उघडतो, आणि हे त्यांना रविकिरणनं सांगितलं असावं असा आप्पांना संशय आहे.

पहिल्या दिवशी दोघं निघाले. बाईंचा डावा हात भिंतीला, उजवा आप्पांच्या खांद्यावर. एकेका पायरीवर थांबत, श्वास घेत. खाली सौदे थांबले होते आणि माणसं वर बघत होती. आप्पांना नेहमी लोक बघत असले की ताठ चालायची सवय, पण आज वाकूनच चालायचं होतं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एकोणीस पायऱ्यांना चौदा मिनिटं लागली. बाई दुकानाच्या ओट्यावर खुर्चीत बसल्या, घाम पुसला आणि दोन वर्षं फक्त वरून पाहिलेला मोंढा समोरून पाहू लागल्या.

"आप्पा, बोली सुरू झाली, येताव का?" वैजनाथरावांनी पलीकडच्या ढिगाजवळून हाक दिली.

आप्पांनी बाईंकडे पाहिलं. "वर जायाचं का तुला?"

"बसू द्या की घडीभर. तुमाला कसली घाई हाय?"

आप्पांनी विचार केला, आणि खरंच त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी वैजनाथरावांना हातानंच तुम्ही घ्या असं सांगितलं, एक पोतं ओढून शिवकांताबाईंच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि त्यावर बसून राहिले.